कोणाच्या वाटणीत तुमचं खत?

तुम्ही देहूत आहात. पाऊस परतून एक सुगी झाली आहे, पण गावाच्या अंगावर अजून मांस चढलेलं नाही. १६३० साली पाऊस आलाच नाही. पुढच्या साली आला तो उभं पीक कुजवून गेला. गुजरातपासून दख्खनपर्यंत माणसं वाटेवर पडली. याच सुमारास आदिलशाही फौजेनं पुणं जाळलं आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. इंद्रायणीपलीकडं, चाकणच्या वाटेवरच्या ज्या माळावर पुढं मोटारींचे कारखाने उभे राहणार आहेत, तिथं आत्ता गुरांची हाडं पांढरी पडली आहेत.

तुमच्या दावणीला चार बैल होते, एक उरला आहे. घरात पाच माणसं होती, तीन उरली आहेत. आणि महाजनांच्या घरी, रुमालात बांधलेल्या कागदांत, तुमच्या नावाचं एक खत आहे.

तुम्हाला ते वाचता येत नाही. मोडीतल्या त्या ओळी कुलकर्ण्यानं लिहिल्या; शेवटी तुमच्या सहीच्या जागी नांगर काढला. निशाणी नांगर. तो नांगर तेवढा तुम्हाला ओळखता येतो. खतात काय आहे हे मात्र तोंडपाठ आहे. पेरणीला चार पायली बी नेलं की सुगीला सहा पायली घालायची, ही वाढीदिढी. रोकड घेतली तर व्याज मुद्दलाइतकं झालं की पुढं चढवायचं नाही, हा दामदुपटीचा जुना दंडक. पण व्याज मुद्दलात मिळवून खत नवं करून घेतलं की तो दंडकही लुळा पडतो, हेही तुम्ही पाहिलं आहे. दुष्काळात तुम्ही दोनदा खत नवं केलंत. दोन्ही वेळा घरात शिजवायला काही नव्हतं.

"धनी," तुमची कारभारीण म्हणते, "नदीवर मानसं जमल्यात. म्हाजनाची खतं भाईर काढल्यात म्हनं. जाऊन या."

तुम्ही जाता. जाताना पाय जड आहेत, कारण खतं बाहेर काढतात ती वसुलीसाठी, असंच आजवर पाहिलेलं.

पण ज्या घरानं तुम्हाला कर्ज दिलं तेही याच दुष्काळात बुडालं आहे, हे तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. मोऱ्यांचं घर पेठेचं महाजन. वडील बोल्होबा आणि आई कनकाई गेल्यावर थोरले सावजी बायकोच्या मृत्यूनं विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेले. सगळा बोजा मधल्या तुकोबांवर आला. दुकान बुडालं, बैल मेले, पत गेली. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. तुकोबांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगांत सांगितलं आहे की दुष्काळानं द्रव्य नेलं आणि मानही नेला. ज्याच्या घरात धान्य मावत नाही असा धनको तुमच्यासमोर उभा नाही. तुमच्या खतातली रक्कम आज हाती आली तर या माणसाचीही चूल पेटेल. पुढं जे घडणार आहे त्याचं मोल या एका गोष्टीत आहे.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर गेले होते. आज त्या डोंगरावर चढलात तर चाकण औद्योगिक वसाहतीच्या शेडची छपरं खाली पसरलेली दिसतात. तेव्हा खाली रान होतं. पंधरा दिवसांनी धाकटे कान्होबा शोधत तिथं पोचले आणि तुकोबांना घेऊन खाली आले. नदीवर आल्यावर तुकोबांनी घरातली सगळी खतं मागवून घेतली. महिपतींनी अठराव्या शतकात तुकोबांचं चरित्र सांगितलं, आणि वारकऱ्यांच्या घरांत हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तुम्ही आत्ता त्या प्रसंगाच्या काठावर, ओल्या वाळूत उभे आहात.

पहिल्यांदा सगळे कागद एकत्र ओततात. मग त्यांचे दोन ढीग होतात. एक कान्होबांचा, एक तुकोबांचा. कान्होबांना संसार करायचा आहे आणि वडिलोपार्जित येण्यावर त्यांचा निम्मा हक्क आहे. थोरला भाऊ तो हक्क मोडत नाही. निम्मे कागद उचलून धाकट्याच्या हाती देतो. उरलेले निम्मे घेऊन पाण्यात उतरतो.

कागद लगेच बुडत नाही. आधी पसरतो, मग पाणी पितो, मग शाई सुटते. तुम्ही मान उंच करून बघता. कुठं तरी एक नांगर तरंगतो आहे. पण गावात निम्म्या लोकांची निशाणी नांगरच आहे.

इथं, त्या काठावर, तुमच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो मला या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना आपण नेहमी पाण्यात उतरणाऱ्याकडं बघतो. काठावरच्या ऋणकोकडं कुणी बघत नाही. त्याला एवढंच हवं आहे: माझं खत कोणाच्या वाटणीत गेलं?

तुकोबांनी माफ केलं ते फक्त स्वतःचं. भावाच्या हक्काच्या पैशावर त्यांनी उदार होऊन दाखवलं नाही. सबंध रुमाल नदीत फेकला असता तर कथा जास्त मोठी दिसली असती. पण त्यातलं निम्मं औदार्य कान्होबांच्या खिशातून गेलं असतं, तेही त्यांना न विचारता. आपल्या राज्यात कर्जमाफीची योजना २०१७ ला आली, २०१९ ला आली. गरजू शेतकऱ्याला त्यातून दिलासा मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. तरी सरकारी तिजोरीतून केलेली माफी आणि स्वतःच्या हातातला कागद सोडणं यांत फरक आहे, आणि तो देहूच्या त्या दोन ढिगांत स्वच्छ दिसतो.

याच इंद्रायणीत पुढं तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्या. परंपरा सांगते की तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. खतं वर आली असं कुठंच कुणी सांगत नाही. ती परत यावीत असं कुणाला वाटलंही नसेल, जिजाबाई सोडून.

आणि जिजाबाईंचं नाव इथं घ्यायलाच हवं. पुण्याच्या गुळव्यांची ही मुलगी, तुकोबांची दुसरी बायको. परंपरेत अशी कथा आहे की व्यापार पुन्हा उभा राहावा म्हणून तिनं स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याच्या हाती पैसे दिले, आणि ते परतीच्या वाटेवर देण्यापायी गांजलेल्या एका माणसाला सोडवण्यात गेले. तिच्या नावाचं खत कुणी नदीत टाकलं नाही. ती रागावली, भांडली, आणि तरी भाकरी घेऊन डोंगर चढत राहिली. कीर्तनांत तिला कजाग म्हणून रंगवण्याची पद्धत आहे. ती मला अन्यायाची वाटते. उदार माणसाच्या घरात औदार्याची किंमत कोण चुकवतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथून पुढं पोथी सोडून तुमच्या मनानं चालायचं आहे. चार दिवसांनी कळतं: तुमचं खत बुडालं. शेजाऱ्याचं कान्होबांच्या रुमालात आहे. तो काही तुमच्यापेक्षा कमी गरीब नाही, कमी कष्टाळू नाही. त्यानं सुगीला सहा पायली घालायच्या आहेत, तुम्ही काहीच नाही. तुम्ही घराकडं वळता, आणि वेशीपाशी गावचा कुंभार भेटतो. दुष्काळात त्यानं तुमच्याकडून दोन पायली ज्वारी नेली होती. तुमच्या दोघांत खत नाही, जबान आहे. तो तुम्हाला बघून वाट वाकडी करतो.

तुम्ही त्याला हाक मारता का? मारलीत, तर काय म्हणता?

या प्रश्नाचं उत्तर देहूपासून फार दूर, फार आधी एकानं गोष्टीत बांधून ठेवलं आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो: एका राजाच्या चाकराकडं दहा हजार तालांतांचं देणं होतं. त्यानं पाय धरले, राजाला कळवळा आला, सगळं माफ झालं. तो बाहेर पडला आणि त्याला सोबतीचा एक चाकर भेटला, ज्याच्याकडं त्याचे शंभर दिनार होते. त्यानं त्याचा गळा धरला आणि तुरुंगात टाकलं. एक दिनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी. म्हणजे धरलेला गळा शंभर दिवसांच्या मजुरीसाठी होता. एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, म्हणजे माफ झालेलं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकं. माणसाला आयुष्यात कामाचे दिवस मिळतात दहा-पंधरा हजार. हा हिशेब करून पाहिला की गोष्टीची धार लागते. आपल्याला काय सुटलं ते विसरायला त्या चाकराला फक्त दारापर्यंत चालत जावं लागलं.

चला, आता आणखी मागं. इसवी सन पूर्व ४४५ च्या सुमाराचं यरुशलेम. तटबंदी पडलेली आहे आणि लोक ती बांधत आहेत. बावन्न दिवसांत ती पुरी होणार आहे. या खेपेला तुम्ही ऋणको नाही. तुम्ही धनको आहात. अंगावर चांगलं वस्त्र आहे, कोठारात धान्य आहे, आणि तुमच्याकडं इतरांची शेतं, द्राक्षमळे आणि घरं गहाण आहेत. एका घरची मुलगीही आहे. देणं फिटेपर्यंत ती तुमच्याकडं राबते.

भिंतीवर दगड वाहणारी माणसं एक दिवस काम टाकून ओरडू लागतात. त्यांच्या बायका पुढं आहेत. एक टोळकं म्हणतं, दुष्काळात धान्यासाठी शेतं गहाण टाकली. दुसरं म्हणतं, पर्शियाच्या राजाचा शेतसारा भरायला कर्ज काढलं. तिसरं बोलणं तुमच्या कानात शिरतं आणि बाहेर पडत नाही: आमचं रक्तमांस तुमच्यासारखंच आहे, आमची लेकरं तुमच्या लेकरांसारखीच आहेत, आणि आम्ही ती गुलामीत घालतो आहोत.

सुभेदार नहेम्या. आधी तो पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार होता. तो सभा बोलावतो. तुम्हाला वाटतं, आता हा धनकोंना शिव्या घालणार आणि स्वतः बाजूला उभा राहणार. तो शिव्या घालतोही. पण मग सांगतो की मी, माझे भाऊ आणि माझी माणसंही लोकांना पैसा आणि धान्य कर्जानं देत आहोत. आपण सगळेच हे सोडू या. शेतं, मळे, जैतुनाची बनं, घरं आजच्या आज परत करा, आणि शेकडा एकप्रमाणे घेता ते व्याजही.

सभा गप्प होते. ती गप्प होण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. नियम नवा नाही. तो तुमच्याच ग्रंथात आहे. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात लिहिलं आहे की दर सात वर्षांच्या शेवटी धनकोनं आपल्या बांधवाचं देणं सोडायचं. तिथंच एक इशाराही आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून मन कठोर करून गरिबाला उसनं द्यायचं टाळू नका. ज्यानं हा नियम लिहिला तो माणसाचं मन ओळखून होता. देशात गरीब कायम असणार, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे, आणि म्हणून हात उघडा ठेवा, असं पुढच्याच शब्दांत. गरिबी संपेल तेव्हा देऊ, ही सबब त्यानं आधीच काढून घेतली. देण्यापायी राबणाऱ्याला सातव्या वर्षी मोकळं करताना रिकाम्या हातानं पाठवू नका; कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला द्या.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आणखी पुढं जाऊन पन्नासावं वर्ष येतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर रणशिंग वाजायचं, विकलेली शेतं मूळ घराण्याला परत जायची, राबणारे आपल्या कुळात परत जायचे. कारण जमीन देवाची, माणसं तिच्यावर उपरी. मला स्वतःला मात्र या मोठ्या रणशिंगापेक्षा लहान नियम जास्त भिडतात. गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करा, त्याला रात्री तेवढंच पांघरायला आहे. जात्याची तळी गहाण घेऊ नका, ते माणसाचं पोट गहाण घेणं आहे. आणि गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नका. बाहेर थांबा, तो काय आणून देईल ते घ्या. वसुलीचे लोक दारात उभे राहून आवाज चढवतात, आतल्या बायकापोरांना ऐकू जाईल असं बोलतात, फोनवरून नातेवाइकांना कळवतात, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला उंबऱ्याबाहेर थांबण्याचा हा नियम केवढा मोठा आहे ते सांगावं लागत नाही.

नहेम्या आपल्या वस्त्राचा सोगा झटकतो. जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. तुम्ही 'आमेन' म्हणता. घरी जाऊन त्या मुलीला सांगता की ती जाऊ शकते. कोठारातून तिच्यासोबत काय देता, ते तुमचं तुम्ही ठरवायचं आहे. सुभेदारानं त्यावर काही सांगितलेलं नाही, ग्रंथानं सांगितलं आहे.

हे सगळं कायम टिकलं असं मानू नका. त्याआधी यिर्मया संदेष्ट्याच्या काळात यरुशलेमच्या लोकांनी गुलामांना मोकळं केलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा धरून आणलं. आणि पुढं, येशूच्या जन्माच्या थोडं आधी, हिल्लेल नावाच्या थोर गुरूनं पाहिलं की सातवं वर्ष आलं की कुणी उसनं देत नाही. जो इशारा ग्रंथात होता तेच घडत होतं. त्यानं तोड काढली: धनकोनं आपलं येणं न्यायसभेच्या स्वाधीन करण्याचा दस्तऐवज लिहायचा, म्हणजे सातवं वर्ष त्याला लागू होत नाही. ती तोड गरिबाच्या कळवळ्यातूनच आली होती, हे मान्य करावंच लागतं. नियमानं हात उघडता येतो, मन उघडता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

तेच आपल्याकडं दिसलं. १२ मे १८७५, भीमथडी तालुक्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. तुम्ही गर्दीत आहात, हातात काठी आहे, आणि समोर सावकाराच्या चोपड्या जळत आहेत. अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला भाव आला तेव्हा सावकारानं हात सैल सोडला. यादवी संपली, भाव पडला, वर सरकारनं शेतसारा वाढवला, आणि सावकारानं मूठ आवळली. लोकांना हवे होते कागद. ज्यानं गुपचूप दिले त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. ९५१ माणसं धरली गेली. १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. कोर्टाला खताच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासता येऊ लागला. मग गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून मागण्याची तोड निघाली. सुप्याच्या जाळात कागद गेला, धनको आणि ऋणको मात्र एकमेकांचे वैरी होऊन उरले. देहूच्या काठावर तसं झालं नव्हतं.

कायद्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राचा कर्जमुक्ती कायदा आला, त्यानं अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर आणि कामगार यांची कर्जं रद्द केली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली न्यायालयानं कायदा उचलून धरला. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं तर वेठीस धरणारं देणंच नष्ट केलं. वीटभट्टीवर, ऊसतोडीत उचल देऊन माणूस बांधला जातो तिथं हा कायदा आजही हाताशी आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडं तक्रार करता येते. ज्याच्या दारात असा सावकार उभा आहे त्यानं क्षमेची वाट बघू नये, तक्रार करावी.

देहू आणि यरुशलेम यांच्यामध्ये वाट आहे का, असं कुणी विचारलं तर एक माणूस ती चालून गेलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले मराठी कवी. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते सांगत. खतं बुडवणारा हात ओळखीचा असेल, तर धनकोला सातव्या वर्षी हात उघडायला सांगणारा ग्रंथ परका वाटत नाही.

आता तुम्ही आज इथं आहात. तळेगाव-चाकण रस्त्यावर दुसरी पाळी सुटली आहे. कडेला भंडारा डोंगर, जवळच सुदुंबरे, जिथं चाकणच्या संताजी जगनाड्यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा हा तेली. रस्त्यावरून कंपनीच्या बसगाड्या मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेल्या पोरांना भोसरीच्या, मोशीच्या, निगडीच्या खोल्यांवर सोडत चालल्या आहेत. हंगामी कामगाराला सात महिन्यांवर ब्रेक द्यायचा, ही या पट्ट्यातली जुनी रीत. जुन्या करारात सातव्या वर्षी माणूस मोकळा व्हायचा आणि सोबत काहीतरी घेऊन जायचा. इथं सात महिन्यांनी मोकळा होतो आणि खोलीचं भाडं, मेसचं बिल, मोबाईलचा हप्ता आणि ॲपवरचं कर्ज घेऊन जातो. ठेकेदारांना आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना माझी विनंती आहे: ब्रेक देताना त्याचा राहिलेला ओव्हरटाइम आणि बोनस त्याच दिवशी चुकता करा, पीएफचा भरणा पुरा करा. ती उदारताही नाही, ते त्याचंच आहे. उदारता त्याच्या पुढं सुरू होते.

आणि तुम्ही. तुमच्या डोक्यावर घराचा हप्ता असेल, भिशीचा हप्ता थकला असेल. बँक तो सोडणार नाही आणि तुम्हीही तो भरत राहाल. पण तुमच्याही डायरीत चार नावं आहेत. लाइनवरच्या एकाला आजारपणात दिलेले पाच हजार, गावाकडच्या चुलतभावाला बियाण्यासाठी दिलेले आठ, शेजारणीला फीसाठी दिलेले तीन. त्यातला एकजण हल्ली तुम्हाला कँटीनमध्ये टाळतो, दुसऱ्या रांगेत उभा राहतो. जो फेडू शकतो आणि फेडत नाही त्याची गोष्ट मी करत नाही, त्याच्याकडं मागा. जो फेडू शकत नाही हे तुम्हाला स्पष्ट कळलं आहे, त्याची गोष्ट करतो आहे.

हे करताना घरात विचारा. जिजाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. पैसा दोघांचा असेल तर निर्णय दोघांचा हवा, आणि दुसऱ्याचा नकार असेल तर आपल्या वाटणीपुरतंच सोडा. तुकोबांनी तेवढंच सोडलं होतं.

फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज असते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधले हजारो लोक त्या दिवशी देहूला जातात. या खेपेला जाण्याआधी डायरी उघडा, एक नाव निवडा आणि खोडा. खोडल्याचं मनात ठेवू नका, कारण ज्याला माहीत नाही तो मोकळा झालेला नसतो. त्याला त्याच संध्याकाळी फोन करा, देणं राहिलं नाही म्हणून सांगा, आणि पुन्हा अडचण आली तर संकोच न करता मागायला ये, हेही सांगा.